‘समाधानकारक हिशेब’ : अमली पदार्थ बाळगण्याच्या गुन्ह्याचा इतिहास



वर्तमानपत्रात आपण सगळ्यांनीच ही ओळ वाचलेली असते : ‘अमली पदार्थ बाळगल्याप्रकरणी दोघांना अटक.’ आजचं व्याख्यान या ओळीतल्या एकाच शब्दावर आहे. तो शब्द म्हणजे ‘बाळगणे’.

मराठीत आपण काय काय बाळगतो? आशा बाळगतो, धीर बाळगतो, राग बाळगतो, एखादा छंद बाळगतो. म्हणजे जे आपल्याला ठाऊक आहे, जे आपण मुद्दाम जवळ ठेवलं आहे, त्याच्यासाठी हा शब्द. न कळत कुणी आशा बाळगत नाही. आता कायद्यातलं ‘बाळगणे’ बघा. समजा, आपण एसटीनं निघालोय. सीटखाली एक पिशवी आहे. ती आपली नाही. वाटेत गाडी थांबते, झडती होते, पिशवीत गांजा निघतो. पोलीस विचारतात, ही कुणाची? शेजारचा खिडकीबाहेर बघतो. आता ती पिशवी कोण ‘बाळगत’ होतं? आणि त्याहून मोठा प्रश्न असा, की हे सिद्ध कुणी करायचं? आपली आहे हे त्यांनी, की आपली नाही हे आपण?

एरवी फौजदारी कायद्यात याचं उत्तर शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष. पण अमली पदार्थांच्या बाबतीत हे उत्तर पूर्णपणे लागू होत नाही. तिथं काही गोष्टी कायदा आधीच गृहीत धरतो आणि आरोपीला म्हणतो, आता तू हे खोडून दाखव.

हे असं का? साधारण समज असा आहे, की ड्रग्जचा विळखा वाढला म्हणून १९८५ साली कडक कायदा झाला आणि त्यात हे कलम आलं. आम्ही जुने कायदे एकापुढे एक ठेवून वाचले, तेव्हा वेगळंच दिसलं. ते वाक्य १९८५ चं नाही. ते १८७८ चं आहे. आणि ते जेव्हा लिहिलं गेलं, तेव्हा कुणाला व्यसनातून सोडवणं हा त्याचा हेतू नव्हता. हेतू होता सरकारी महसूल बुडू न देणं. या वाक्याचा प्रवास आज आपण बघणार आहोत. आम्ही इतिहासाच्या बाजूनं बोलतोय. कुणाची केस चालू असेल, तर सल्ला वकिलाचाच घ्यावा.

अफूची पेटी आणि सरकारची तिजोरी

एकोणिसाव्या शतकात अफू हा सरकारच्या उत्पन्नाचा फार मोठा आधार होता. काही दशकं तर जमीन महसुलानंतरच्या सगळ्यात मोठ्या उत्पन्नांमध्ये तो मोडायचा. पण पूर्वेकडची आणि आपल्याकडची व्यवस्था वेगळी होती. तिकडं बिहार आणि बनारसच्या बाजूला शेतकऱ्याला परवाना आणि आगाऊ रक्कम देऊन खसखशीची लागवड करून घ्यायची, सगळी अफू सरकारनंच घ्यायची, पाटणा आणि गाझीपूरच्या कारखान्यांत ती तयार करायची आणि कलकत्त्यात लिलाव करायचा. तिथून ती चीनला. १८५७ सालचा अफू कायदा याच लागवडीच्या बंदोबस्तासाठी होता.

आपल्या पश्चिमेकडे अफू यायची माळव्यातून. इंदूर, ग्वाल्हेर अशा संस्थानांच्या मुलखातून. तिथं कंपनीचा मक्ता चालत नव्हता. मग कंपनीनं दुसरी वाट काढली : मुंबई बंदरातून माल न्यायचा असेल तर पेटीमागं शुल्क भरा, पास घ्या आणि मग न्या. व्यापारी काय करायचे? ते पेट्या कराचीमार्गे पोर्तुगिजांच्या दमणला न्यायचे आणि तिथून जहाजात चढवायचे. १८४३ साली इंग्रजांनी सिंध घेतला, तेव्हा ही वाट बंद झाली आणि मग पासचं शुल्कही वाढत गेलं. मुंबई शहराच्या भरभराटीत या पेट्यांचा वाटा मोठा आहे. जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीतही चीनच्या अफू-व्यापाराचा हिस्सा होता आणि त्यांच्याच देणगीतून उभ्या राहिलेल्या जे. जे. रुग्णालयात आजही आपण जातो.

आता या व्यवस्थेत गुन्हेगार कोण? ज्याच्याकडे अफू आहे तो नव्हे. अफू तर गावोगाव होती. खोकल्यावर होती, जुलाबावर होती, सांधे दुखले की होती. मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बायका तान्ह्या पोरांना ‘बाळगोळी’ देऊन निजवायच्या. त्या गोळीत अफू असायची. बारा-बारा तास पोर एकटं ठेवायचं, तर दुसरं करणार काय? तेव्हा अफू जवळ असणं हा गुन्हा नव्हता. शुल्क न भरलेली, परवान्याबाहेरची अफू जवळ असणं हा गुन्हा होता. फरक नीट लक्षात ठेवू या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

१८७८ : ते वाक्य

१८७८ साली दोन कायदे झाले. मुंबई इलाख्यासाठी मुंबई अबकारी कायदा. त्यात दारू-ताडीबरोबर गांजा, भांग यांसारखे मादक पदार्थ आले. आणि हिंदुस्थानासाठी अफू कायदा. या अफू कायद्यानं सांगितलं, की नियमांनी परवानगी दिली आहे तेवढं सोडून अफू बाळगणं, नेणं-आणणं, विकणं यांना मनाई आहे. नववं कलम शिक्षेचं : जास्तीत जास्त एक वर्ष कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि मग दहावं कलम. त्याचा आशय आपल्या भाषेत असा : ज्या अफूचा आरोपीला समाधानकारक हिशेब देता येत नाही, त्या अफूबाबत त्यानं या कायद्याखाली गुन्हा केला आहे, असं धरून चालावं, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर.

‘समाधानकारक हिशेब’ हे शब्द बघा. हे पोलिसाचे शब्द नाहीत, हे कारकुनाचे शब्द आहेत. आणि त्या काळाच्या दृष्टीनं बघितलं तर त्यात थोडं तथ्यही आहे. परवाना कुणाकडे असतो? दुकानदाराकडे. पावती कुणाकडे असते? माल घेणाऱ्याकडे. नाक्यावरच्या शिपायानं पेटी अडवली, तर शुल्क भरल्याचा कागद पेटीवाल्यानंच दाखवायचा. सहाच वर्षं आधी, १८७२ साली, आपला पुरावा कायदा झाला होता. त्यातही हे तत्त्व होतं, की जी गोष्ट खास एखाद्याच्याच माहितीतली आहे, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. तेव्हा पावती दाखव म्हणणं अगदीच गैर नव्हतं. आणि नाही दाखवली, तर? दंड. फार झालं तर वर्षभर कैद.

म्हणजे नियम कडक, पण शिक्षा बेताची. पुढच्या शंभर वर्षांत यातलं पहिलं तसंच राहिलं. बदललं ते दुसरं.

महसुलाचा हिशेब कुठवर गेला, याचं एक उदाहरण आपल्याच भागातलं देतो. १८९२ साली मुंबई सरकारनं मोहफुलांसाठी कायदा केला. ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत. कारण मोहापासून घरोघर दारू गाळली जायची आणि परवान्याच्या दुकानात गिऱ्हाईक कमी व्हायचं. म्हणून फूल साठवण्यावर, विकण्यावर, नेण्यावर बंधन. आता मोह म्हणजे आदिवासींसाठी नुसती दारू नाही. ते खाणं आहे. टंचाईच्या दिवसांत सुकवलेली फुलं हाच आधार असतो. पण ज्या फुलाची दारू होऊ शकते, ते फूल घरात असण्याचाही हिशेब द्यायला लागला. जंगलातून वेचलेल्या फुलाची पावती कुठून आणायची? माळव्यातल्या व्यापाऱ्याला जे शक्य होतं, ते वारल्याला, कातकऱ्याला शक्य नव्हतं. एकच नियम दोन माणसांवर किती वेगळा पडतो, ते इथं दिसतं.

पाच तोळे

याच सुमाराला विलायतेच्या पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला, की हिंदुस्थानात गांजामुळे लोक वेडे होतात, गुन्हे वाढतात, हे खरं आहे काय? त्यातून १८९३ साली भांग-गांजा आयोग नेमला गेला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सात सभासद, त्यात तीन हिंदी. आयोग प्रांतोप्रांती हिंडला आणि हजारावर साक्षी नोंदवल्या. वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदी त्यांनी एकेक करून तपासल्या. तेव्हा लक्षात आलं, की ‘वेडाचं कारण : गांजा’ असं पुष्कळदा कसलीही चौकशी न करता लिहिलेलं होतं. रोग्याला आणणाऱ्या पोलिसाला रकाना भरायचा असायचा, एवढंच.

आयोगाचा निष्कर्ष असा होता : मर्यादित सेवनानं विशेष अपाय होत नाही, अतिसेवनानं होतो, आणि संपूर्ण बंदीची गरज नाही. कर लावा, लागवड परवान्यावर आणा, दुकानं कमी करा आणि बाळगण्याची मर्यादा ठरवा. गांजा किंवा चरस पाच तोळे, भांग पाव शेर, अशी मर्यादा त्यांनी सुचवली. पाच तोळे म्हणजे सुमारे ५८ ग्रॅम.

आयोग काही फार उदार होता म्हणून आम्ही हे सांगत नाही. कर वाढवून वापर आटोक्यात ठेवायचा आणि तिजोरीही भरायची, हे गणित त्यात होतंच. पण त्या पाच तोळ्यांचा अर्थ महत्त्वाचा आहे. पाच तोळ्यांच्या आत असलेला माणूस निर्दोष. त्याला कुणी विचारायला जायचं नाही. मर्यादा ओलांडली, तर गुन्हा. म्हणजे वजनाची रेघ निर्दोष आणि दोषी यांच्यामधली होती. आजच्या कायद्यातही वजनाची रेघ आहे. ती कुठं आहे, ते पुढं बघू.

महसुलाकडून बंदीकडे

विसाव्या शतकात वारं फिरलं. १९१२ साली हेगला अफूविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला, १९२५ साली जिनिव्हाला दुसरा. त्याच्या पूर्ततेसाठी आपल्याकडे १९३० साली घातक औषधी कायदा आला. कोकेन, मॉर्फिन, हेरॉईन यांचा व्यवहार आता एका केंद्रीय कायद्यात आला. जुना अफू कायदाही चालूच राहिला.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात आलं, की औषधी उपयोग सोडून मादक पेयं आणि आरोग्याला अपायकारक द्रव्यं यांवर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्यानं करावा. अफूचं औषधाखेरीज सेवन दहा वर्षांत टप्प्याटप्प्यानं संपवायचं, असं १९४९ साली ठरलं. आणि त्याच वर्षी आपल्याकडे मुंबई दारूबंदी कायदा झाला. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी कुणाकुणाच्या पाकिटात ‘पिण्याचा परवाना’ आपण पाहिला असेल, तो या कायद्याचा.

आता ध्यानात घ्या. उद्देश पूर्ण उलटा झाला. आधी सरकारला विक्री हवी होती, फक्त कर भरून. आता सरकारला विक्रीच नको. पण कायद्याचं १०३ वं कलम काढून वाचलं, तर तिथं तेच वाक्य भेटतं : जवळ सापडलेल्या मादक पदार्थाचा, गांजाचा, मोहफुलांचासुद्धा, समाधानकारक हिशेब देता आला नाही, तर गुन्हा केला असं धरायचं. परवाना तपासण्यासाठी घडवलेलं हत्यार जसंच्या तसं दारूबंदीच्या हातात आलं.

या कायद्याला आव्हान मिळालं आणि १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कायदा बहुतांशी उचलून धरला. पण मद्यार्क असलेली औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं बाळगण्यावरची, वापरण्यावरची बंदी मात्र त्यांनी रद्द केली. टिंक्चरची बाटली आणि अत्तराची कुपी घरात असणं हा गुन्हा ठरवता येणार नाही, असं त्याचं व्यवहारातलं सार. बाळगण्याच्या गुन्ह्याला कुठंतरी कुंपण असायला हवं, हे प्रजासत्ताकाच्या दुसऱ्याच वर्षी मुंबईच्या खटल्यातून ठरलं.

१९८५ : शिक्षा दहा पट, वाक्य तेच

१९६१ साली संयुक्त राष्ट्रांचा एकत्रित करार झाला. भारत त्यात सामील झाला. गांजाचं औषधाखेरीज सेवन बंद करायला करारानं पंचवीस वर्षांची मुदत दिली होती. कराराच्या व्याख्येत फुलोऱ्याचे शेंडे आले, नुसती पानं वगळली गेली. म्हणून भांग आजही केंद्रीय कायद्याबाहेर आहे आणि ठिकठिकाणी परवान्यावर मिळते.

ऐंशीच्या दशकात पश्चिमेकडून येणारं हेरॉईन भारतातून पुढं जाऊ लागलं. महानगरांत ब्राऊन शुगर आली. ज्यांनी त्या काळात घरातलं पोर हातचं जाताना पाहिलं, त्यांना ती भीती खोटी होती असं आम्ही सांगणार नाही. जुन्या कायद्यात जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं, दुसऱ्यांदा सापडला तर चार, आणि किमान शिक्षा काहीच नाही, हे कारण सरकारनं विधेयकाबरोबर नोंदवलं. कायदा झाला आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू झाला. आपण त्याला एनडीपीएस कायदा म्हणतो. हेरॉईन, चरस, अफू यांच्यासाठी किमान दहा वर्षं सक्तमजुरी, कमाल वीस, आणि किमान एक लाख दंड. १९८९ साली जामीन कठीण केला गेला आणि दुसऱ्यांदा झालेल्या काही गुन्ह्यांसाठी सक्तीची फाशी आली. ही सक्ती मुंबई उच्च न्यायालयानं २०११ साली घटनाबाह्य ठरवली.

आणि या कायद्याचं ५४ वं कलम काढा. अमली पदार्थ जवळ असण्याचा ‘समाधानकारक हिशेब’ आरोपीला देता आला नाही, तर त्यानं गुन्हा केला असं उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरता येईल. १८७८ चं वाक्य! एक फरक आहे आणि तो सांगायला हवा : तेव्हा ‘गृहीत धरावं’ होतं, आता ‘गृहीत धरता येईल’ आहे. पण त्याच्या जोडीला ३५ वं कलम आलं. आरोपीच्या मनात गुन्ह्याचा हेतू होता, त्याला जाणीव होती, हेही न्यायालय गृहीत धरेल. आणि आरोपीला ते खोडायचं असेल तर वाजवी शंकेपलीकडे खोडावं लागेल. हे कलम कुठून आलं? अशाच धाटणीची तरतूद १९७३ साली सीमाशुल्क कायद्यात घातली गेली होती. म्हणजे तेही सोन्या-घड्याळांच्या तस्करीच्या, जकातीच्या घरातलंच.

तेव्हा मंडळी, हिशेब न देता आल्याची कमाल शिक्षा एक वर्ष होती, ती आता किमान दहा वर्षं झाली. हिशेब मागायची पद्धत मात्र नाक्यावरचीच राहिली. आजच्या व्याख्यानात आम्हाला सांगायचंय ते एवढंच.

नवा कायदा बाळगण्याकडे कसा बघतो, त्याचं एक उदाहरण राजस्थानातलं. कायदा लागू होण्याच्या अगदी तोंडावर तिथल्या एका न्यायालयाच्या मालखान्यातून सुमारे दहा किलो अफू चोरीला गेली. काही आठवड्यांनी आरोपीनं दाखवलेल्या जागेतून ती सापडली. त्याचं म्हणणं, चोरी झाली तेव्हा नवा कायदा नव्हता, मला जुना लावा. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, बाळगणं ही चालू राहणारी क्रिया आहे. कायदा लागू झाला त्या दिवशी ती अफू तुझ्या ताब्यात होती, तर नवा कायदा लागू. अफू अंगावर नव्हती, पुरलेली होती, तरी ताबा त्याचाच.

दुसरं उदाहरण गोव्याचं. १९८५ च्या कायद्यात थोडी सूट होती : अगदी अल्प प्रमाण असेल आणि ते स्वतःच्या सेवनासाठी आहे हे आरोपीनं सिद्ध केलं, तर सहा महिने किंवा वर्षाच्या आत सुटका. चरसासाठी ही मर्यादा होती पाच ग्रॅम. आयोगानं सुचवलेले पाच तोळे, आणि आता पाच ग्रॅम! एका परदेशी माणसाकडे चरसाचे दोन तुकडे सापडले, एक सात ग्रॅमचा, एक पाचचा. मिळून बारा. खालच्या न्यायालयात दहा वर्षं. उच्च न्यायालयात ती कायम. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयानं पाहिलं, की रासायनिक तपासणीला एकच तुकडा पाठवला होता, आणि तो पाच ग्रॅमपेक्षा कमी भरला. दुसरा चरसच होता हे सिद्धच नाही. शिक्षा आली सहा महिन्यांवर. एका तुकड्याच्या तपासणीवर दहा वर्षं आणि सहा महिने यांतला फरक ठरला. वकील न परवडणाऱ्या माणसाच्या केसमध्ये तो दुसरा तुकडा कोण शोधणार?

वजनाची रेघ

ही विषमता २००१ च्या दुरुस्तीनं कमी केली. तीन पायऱ्या आल्या : अल्प प्रमाण, व्यापारी प्रमाण आणि मधलं. गांजासाठी अल्प म्हणजे एक किलोपर्यंत, व्यापारी म्हणजे वीस किलोच्या वर. चरसासाठी १०० ग्रॅम आणि एक किलो. हेरॉईनसाठी ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. मुंबई-पुण्याच्या बातम्यांत हल्ली ज्याचं नाव सारखं येतं, त्या मेफेड्रोनसाठी २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. अल्प प्रमाणाला आज एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मधल्याला दहा वर्षांपर्यंत. व्यापारी प्रमाणाला दहा ते वीस वर्षं.

इथं एक गैरसमज आहे, विशेषतः कॉलेजच्या मुलांत. ‘थोडा असेल तर चालतो.’ नाही चालत. आयोगाच्या पाच तोळ्यांची रेघ निर्दोष आणि दोषी यांच्यामधली होती. आजची रेघ कमी शिक्षा आणि जास्त शिक्षा यांच्यामधली आहे. एक ग्रॅमही गुन्हाच आहे.

आणि वजन कशाचं करायचं? समजा, चार ग्रॅम हेरॉईन भुकटीत मिसळून तीनशे ग्रॅमची पुडी केली आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, शुद्ध द्रव्य मोजा. म्हणजे अल्प प्रमाण. २०२० साली मोठ्या पीठानं ते फिरवलं आणि म्हटलं, सगळं मिश्रण मोजा, कारण विकलं जातं ते मिश्रणच आणि अपाय होतो तो त्यानंच. म्हणजे तीच पुडी व्यापारी प्रमाणात. आणि व्यापारी प्रमाण आलं, की जामिनासाठी ३७ वं कलम आडवं येतं : आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी आधार आहे, याबद्दल न्यायालयाचं समाधान व्हायला हवं. खटल्याआधीच. पुष्कळांच्या बाबतीत शिक्षेपेक्षा ही वाटच मोठी ठरते.

न्यायालयानं उलटा मागितलेला हिशेब

आता दुसरी बाजूही ऐकू या. अमली पदार्थांचा धंदा कागदावर चालत नाही. साक्षीदार पुढं येत नाहीत. माणसाच्या मनात काय होतं, हे सरकारनं प्रत्येक वेळी सिद्ध करायचं म्हटलं, तर मालाच्या गाडीत बसलेला प्रत्येक जण ‘मला काय ठाऊक’ म्हणून सुटेल. या युक्तिवादात वजन आहे. संसदेनं तो स्वीकारला, न्यायालयांनीही ही कलमं रद्द केली नाहीत.

पण न्यायालयांनी एक केलं. हिशेब आधी सरकारनं द्यावा, असं सांगितलं. २००८ साली नूर आगा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की गृहीतकं घटनेत बसतात, पण ती आपोआप सुरू होत नाहीत. माल खरोखर त्याच्या ताब्यातून मिळाला, हे पायाभूत तथ्य सरकार पक्षानं आधी सिद्ध करायचं. ताबा म्हणजे नुसतं जवळ असणं पुरेसं नाही, जाणीवपूर्वक ताबा हवा. आपल्या एसटीतल्या पिशवीला हे लागू करून बघा. पिशवी सीटखाली होती एवढ्यानं भागत नाही. ती याच्या ताब्यात होती, यानं चढवली, याच्याकडे तिचं तिकीट होतं, असं काहीतरी दाखवायला लागेल. आणि एकदा ताबा सिद्ध झाला, की मग जाणीव नव्हती हे सांगण्याचं ओझं त्याच्यावर.

झडतीचंही तसंच. अंगझडती घ्यायची असेल तर ५० व्या कलमाखाली त्या माणसाला सांगावं लागतं, की राजपत्रित अधिकारी किंवा न्यायदंडाधिकारी यांच्यासमोर झडती मागायचा तुला हक्क आहे. १९९९ साली घटनापीठानं हे बंधनकारक ठरवलं. हे संरक्षण अंगझडतीला आहे, हातातल्या पिशवीला नाही, हेही लक्षात असू द्या. २०२० साली आणखी एक निकाल आला. अमली पदार्थ विरोधी खात्याचे, महसूल गुप्तचर खात्याचे अधिकारी ६७ व्या कलमाखाली आरोपीचा जबाब घ्यायचे आणि तो कबुली म्हणून वापरला जायचा, कारण म्हणे हे अधिकारी ‘पोलीस’ नाहीत, महसुलाची माणसं आहेत. सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं म्हटलं, तपासाचे अधिकार पोलिसांचे असतील, तर कबुलीबाबतचे निर्बंधही पोलिसांचेच लागू. अबकारी शिपायाची जुनी सवलत अशी जवळजवळ दीडशे वर्षांनी संपली.

आणि २०१६ साली न्यायालयानं थेट मालखान्याकडे बोट दाखवलं. जप्त माल कुठं ठेवता, नमुने कुणासमोर काढता, नष्ट कधी करता? नमुने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर काढा, नोंद ठेवा. मालखान्यातूनच माल पाय फुटून बाहेर जाण्याचा धोका असेल, तर आरोपीकडून हिशेब कुठल्या तोंडानं मागायचा?

कायद्यात आणखी एक दार आहे आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. ६४-अ कलम. व्यसनी माणूस सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडला आणि त्यानं मान्यताप्राप्त केंद्रात स्वेच्छेनं उपचार घेतला, तर त्या खटल्यापासून त्याला संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडला तर संरक्षण जातं. या सभागृहात कुणाच्या घरात असा प्रसंग असेल, तर वकिलाला या कलमाबद्दल जरूर विचारा. लाजेनं गप्प बसलेल्या घरांत हे दार बंदच राहतं.

समारोप करतो. अमली पदार्थांचा कायदा नसावा, असं आमचं म्हणणं नाही. आमचं म्हणणं इतिहासाचं आहे. ‘समाधानकारक हिशेब दे’ हे वाक्य परवानेवाल्या दुकानदारासाठी लिहिलं गेलं. ते मोहफूल वेचणाऱ्या बाईला लावलं गेलं, मग खिशात पुडी असलेल्या पोराला, मग दुसऱ्याचा माल वाहणाऱ्या ड्रायव्हरला. ज्याच्याकडे पावती असू शकत होती, त्याच्याकडून ती मागणं वेगळं, आणि ज्याच्याकडे ती कधी असणारच नव्हती, त्याच्याकडून दहा वर्षांच्या सक्तमजुरीच्या धाकाखाली मागणं वेगळं. शिक्षा वाढवताना पुराव्याचा नियम पुन्हा तपासायचा असतो. १९८५ साली तो तपासला गेला नाही, तो जुन्या वहीतून उतरवून घेतला गेला. तेव्हापासून आपली न्यायालयं एकेक खटल्यातून ते काम करताहेत.

पुढच्या वेळी ‘बाळगल्याप्रकरणी अटक’ ही ओळ वाचली, की एवढं तरी मनाशी विचारू या : ताबा कुणी सिद्ध केला, कशावरून केला, आणि वजन कशाचं केलं? मग मत बनवू या.

 काही प्रश्न असतील तर अवश्य विचारा.